काळं शिंगरू आणि माझे 3,11,500 रुपये

काळं म्हणून घेतलेलं शिंगरू पांढरं होत चाललंय. हसा खुशाल, गाव हसून झालंय.

शिंगराचे 2,85,000, दलालाचे 10,000, टेम्पोचे 12,000, 'डीएनए रिपोर्ट'चे 4,500. सगळे रोख. तुम्ही एक रुपयाही रोख देऊ नका.

मी काही अगदीच भोळा नाही. 2022 मध्ये पंजाबात, संगरूर जिल्ह्यात, एकानं बावीस लाखांवर मोजून काळा घोडा घेतला आणि अंघोळीत त्याचा रंग उतरला, ही बातमी मला पाठ होती. म्हणून बाजारातच शाम्पूनं शिंगरू घासून पाहिलं. रंग पक्का. तिथंच मी निर्धास्त झालो. आई पांढरी, हे विकणाऱ्यानं लपवलंही नाही. म्हणाला, "ग्रे जीनची, म्हणजे घोडा पांढरा करत नेणाऱ्या जनुकाची, आईत एकच प्रत असली की निम्म्या पोरांतच उतरते. यात नाही, रिपोर्ट देतो." हे निम्म्याचं गणित खरं आहे हो, म्हणून तर पटलं!

मग त्यानं कात्रीनं आयाळीची बट कापली. कात्रीनं! तपासणीला केस मुळासकट उपटून लागतात, हे मी स्वतः वाचलेलं होतं. आणि मला काय वाटावं? जनावराला दुखू नये म्हणून जपतोय बिचारा! दुसऱ्या सकाळी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर हजर. एका रात्रीत! त्यात काळ्या-तांबड्याच्या दोन जीनांचे रकाने, ग्रेचा रकानाच नाही. ग्रे घोडा गडद रंगातच जन्मतो आणि पुढं पांढरा होत जातो, म्हणजे तोच एक रकाना बघायचा होता. डोळ्याभोवती पाच-सहा पांढरे केस होते, त्यावर "म्होरकीनं घासलंय" म्हणाला. सुरुवात तिथूनच होते. डोळे आधी बघा.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "घोडा जिवंत आहे ना?" मग, व्यवहार झाला तिथल्या ठाण्यात जा. तिथले म्हणाले, तुम्ही राहता तिथं जा. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची असते, असं नव्या कायद्याचं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम 173 सांगतं. ते दाखवलं तर साहेब म्हणाले, "तुम्ही वकील का?" पशुवैद्यकीय दवाखान्यात रंगाचा दाखला देत नाहीत. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर पावती मागितली. घोडेबाजारात पावती! चार महिने, अकरा हेलपाटे. रिपोर्टवरचा नंबर तर कधीच बंद.

शेवटच्या खेपेला हवालदारानं मार्ग काढला. "थांबा चार-पाच वर्षं. पुरता पांढरा झाला की वरातीला लावा."