आंब्याचं बेचकं, शिसवाचा तुकडा की बाभळीची गाठ? शोभेच्या बाऊलसाठी कुठलं लाकूड घ्यावं

छोटा लेथ (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) घेतलाय आणि वेड्यावाकड्या तुकड्यातून शोभेचा बाऊल कातायचाय, तर आपल्याकडे स्वस्तात सहज मिळणारे पर्याय तीनच: वखारीतलं ओलं आंब्याचं बेचकं, सुताराकडचे शिसवाचे उरलेले तुकडे, आणि बाभळीची गाठ. सावंतवाडीच्या खेळण्यांवर रंग चढतो म्हणून खालच्या लाकडाच्या रेषा कोणी बघत नाही, इथे मात्र रेषा हाच सगळा माल आहे, त्यामुळे तुकडा निवडण्यातच अर्धं काम होतं.

माझं मत आधीच सांगते, पहिल्यांदा आंब्याचं बेचकं घ्या. दोन फांद्या जिथे फुटतात तिथे धागे एकमेकांत दाबले जातात आणि पिसासारखी नक्षी तयार होते, वखारवाला तेच जळणाच्या भावात देतो कारण त्याची सरळ फळी निघत नाही. फक्त कापायचं कसं ते नीट समजून घ्या: दोन्ही फांद्यांच्या गाभ्यातून जाणारी उभी पातळी असते, नक्षी तिच्या आसपासच दाट असते आणि लांब गेलं की विरते. त्या पातळीत चीर देऊन दोन भाग करायचे आणि उथळ, पसरट बाऊल कातायचा, खोल कातलात तर सगळी नक्षी भुशात जाईल. गाभा मात्र तुकड्यात ठेवू नका, भेगा तिथूनच सुटतात.

ओलं लाकूड कापायला मऊ, धूळ जवळजवळ नाही, पण वाळताना वाकडं होतंच. म्हणून आधी जाड कातून ठेवायचं, व्यासाच्या साधारण एक दशांश जाडी, म्हणजे १० इंचाला १ इंच, मग आडव्या कापाच्या टोकांना मेण लावून कागदी पिशवीत त्याच्याच भुशात ठेवून द्यायचं आणि अधूनमधून वजन करायचं, वजन उतरायचं थांबलं की परत लेथवर. याला महिने लागतात. कोकणात पावसाळ्यात बुरशी येते तर सोलापूर-विदर्भाकडे उन्हाळ्यात लाकूड इतकं भराभर सुकतं की तडकतं, तिकडे पिशव्या दोन करा आणि खोलीच्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. आणि बुरशी आली तर लगेच टाकू नका हं, आंब्यात त्यामुळे काळ्या नागमोडी रेषा पडतात त्या फार सुंदर दिसतात, फक्त नखाने दाबून बघा, नख रुतलं तर लाकूड कुजलंय. नक्षीच्या जागी धागे उचकटतात, तिथे शेवटचे हात नुकती धार लावलेल्या गाउजने (पन्हळीसारखं कातायचं हत्यार) अगदी हलके घ्यायचे, पॉलिश पेपर घासून ते खड्डे भरून निघत नाहीत.

शिसवाचा फायदा एकच पण मोठा, जुना तुकडा सुकलेला असतो, आज आणला की आज बाऊल. गडद जांभळट रंग पण मस्त. पण सुताराकडचे तुकडे पातळ आणि बहुतेक सरळ रेषेचे, त्यामुळे बाऊल छोटा आणि नक्षी बेताची. धुळीने बऱ्याच जणांना अंगावर पुरळ येतं, श्वासाचा त्रास होतो, चांगला मास्क हवाच. जुना पलंग-खांब असेल तर लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. विकायला परदेशी पाठवायचा विचार असेल तर शिसव २०१७ पासून सायटिसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, कागदपत्रांचे नियम आधी बघून घ्या.

बाभळीची गाठ, म्हणजे खोडावर फुगून आलेला गोळा, ही दिसायला तिन्हीत सरस असं मला मनापासून वाटतं. धागे सगळ्या दिशांना फिरलेले असल्यामुळे वाळताना एका बाजूला फारशी ओढत नाही, पातळ कातून एकदाच पूर्ण केली तरी चालते. पण जड, कडक, सालीत माती-खडे अडकलेले, हत्याराची धार पटापट जाते आणि आकार वाकडा म्हणून लेथ थरथरतो. पोकळ्या असतील तर काळं रेझिन भरायची टूम आहे, मला त्या मोकळ्याच आवडतात, मात्र काठाजवळची भेग सुपरग्लूने पक्की करा नाहीतर फिरताना तुकडा उडेल. वेगाचा हिशोब असा: इंचातला व्यास गुणिले आरपीएम (मिनिटाला फेरे) ६००० ते ९००० मध्ये ठेवायचं, म्हणजे ८ इंचाला ७५० ते साधारण ११००, पण हा गोल झालेल्या तुकड्याचा. गाठ ओबडधोबड असेपर्यंत याच्याही बऱ्याच खाली सुरुवात करा, चेहऱ्यावर पूर्ण शील्ड लावा आणि चालू करताना लेथच्या समोर न राहता बाजूला उभं राहा.