दोन हजारांच्या आतला स्मार्ट वजनकाटा: बाप-लेक दोघेही वापरणार असतील तर

वर धातूच्या चार पट्ट्या असलेला, मोबाईलला जोडता येणारा काचेचा वजनकाटा आता नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दीड-दोन हजारांत मिळतो. विशीतल्या मुलाचं वजन वाढायला लागलं की घरोघरी हाच आणला जातो. वजनापुरता तो चोख आहे. खात्री करायची तर आधी नुसतं उभं राहावं, मग १० किलोची सीलबंद कणकेची पिशवी हातात घेऊन. वाढ नेमकी १० किलोंची दिसायला हवी; त्यात १०० ग्रॅमहून जास्त कमी-अधिक आलं तर काटा बदलून घ्यावा. काटा कडक फरशीवरच ठेवायचा. सतरंजीवर ठेवला की आकडा चुकतो.

चरबीच्या टक्क्यांवर मात्र भिस्त ठेवू नये. काटा एका तळपायातून दुसऱ्यात सौम्य वीजप्रवाह सोडतो आणि त्याला किती अडथळा झाला यावरून चरबीचा अंदाज बांधतो. प्रवाह मुख्यतः पायांतून फिरतो, पोटावरची चरबी सूत्राने काढली जाते. आणि आपल्याकडच्या मुलांची चरबी साठते ती नेमकी पोटावर! शिवाय मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की अंगातलं पाणी कमी होतं, अडथळा वाढतो आणि चरबी उगाच जास्त दिसते. म्हणून सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, अनवाणी, आठवड्यातून एकदाच मोजावं. टाचा भेगाळलेल्या असतील तर तळवे ओल्या फडक्याने पुसून घ्यावेत.

बाप-लेकांच्या घरात आणखी एक घोळ होतो. काटा माणूस ओळखतो तो वजनावरून. दोघांत दोन-तीन किलोंचाच फरक असला की वडिलांचे आकडे मुलाच्या खात्यात जातात. उभं राहण्याआधी ॲपमध्ये आपलं नाव निवडलं की हे टळतं.

सगळ्यात मोठी उणीव ॲपची आहे. बरीच ॲप्स बीएमआय (किलोंतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २५ पर्यंत हिरवा रंग दाखवतात. भारतीयांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. म्हणजे १७० सेंमी उंचीचा मुलगा साडेसहासष्ट किलोंवरच सावध व्हायला हवा, ॲप त्याला ७२ पर्यंत शाबासकी देतं. आणि आईवडिलांना लठ्ठपणा किंवा मधुमेह आहे का, हे ते विचारतच नाही.

खरं तर तेच आधी विचारायला हवं. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्यांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या मोठेपणीच्या अंगकाठीचा मेळ जन्मदात्या आईबापांशी बसला, सांभाळणाऱ्यांशी नाही. वारशाने कल येतो. तो काट्यावर किती उतरतो हे ताटावर आणि हालचालीवर ठरतं. एकाच स्वयंपाकघरात जेवणाऱ्या घरात वारसा आणि सवयी दोन्ही मुलाच्या वाट्याला येतात.

म्हणून काट्यासोबत शिंप्याची टेप घ्यावी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजावं. मग चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने तयार केलेला मधुमेहाचा धोका-गुणांक कागदावर मांडावा. वय ३५ च्या आत: ०. पुरुषाची कंबर ९० ते ९९ सेंमी: १०, १०० किंवा पुढे: २०. व्यायाम नाही आणि काम बैठं: ३०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह: १०, दोघांना: २०. कंबर ९४, दिवसभर खुर्चीत आणि आईबाबा दोघांना शुगर, अशा विशीतल्या मुलाचे ६० होतात, आणि ६० पासून धोका जास्त धरतात. ॲप तेव्हाही हिरवंच असू शकतं! अशा वेळी उपाशीपोटी शुगर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) तपासून घ्यावी. या चारपैकी व्यायाम आणि कंबर हातात आहेत. रोज नियमित चालायला लागलं तरी ३० चे २० होतात.

घ्यावा का? वजनाची नोंद ठेवायला जरूर घ्यावा, बाप-लेकांनी मिळून वापरावा. चरबीच्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे घालू नयेत. आणि घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल तर हा घेऊच नये, साधा डिजिटल काटा आणावा.