कॉर्कवर बांधलेले एरिसिना पुसिला: रोप उत्तम, सूचनापत्रक निकामी

मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या उष्ण, दमट जंगलांत वाढणारे एरिसिना पुसिला हे चिमुकले ऑर्किड मी टपालाने मागवले, ते कॉर्कच्या सालीवर बांधलेले आले. पूर्ण वाढलेले रोपही जेमतेम बोटभर उंच होते. चपट्या, टोकदार पानांचा एकाच पातळीत उघडलेला पंखा आणि पानांच्या बगलेतून निघणाऱ्या दांड्यांवर एकामागून एक उमलणारी पिवळी फुले, असे त्याचे रूप आहे. सुमारे दोन सेंटीमीटरचे फूल त्या रोपावर अवाजवी मोठे दिसते, आणि खरे तर तीच त्याची गंमत आहे. फुलाच्या मध्याशी असलेले तांबूस ठिपके भिंगातून जरूर पाहावेत.

रोप निरोगी होते आणि मुळांची टोके हिरवीगार होती, त्याबद्दल विक्रेत्याला पूर्ण गुण द्यायला हवेत. तक्रार आहे ती बांधणीबद्दल, कारण मुळांभोवती ओल्या स्फॅग्नम मॉसचा (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा) जाड गोळा गुंडाळलेला होता. ही अपिवनस्पती (दुसऱ्या झाडाच्या आधाराने वाढणारी वनस्पती) निसर्गात पेरूसारख्या झाडांच्या बारीक डहाळ्यांवर राहते, जिथे पावसाचे पाणी मुळांना भिजवून लगेच निथळून जाते. मुळांवरचे पांढुरके, सच्छिद्र आवरण पाणी टिपून घेते आणि भिजताच हिरवट दिसू लागते. ते पुन्हा पांढरे पडेपर्यंत त्याला मोकळी हवा मिळाली नाही, तर मूळ कुजते. मी चिमट्याने बराचसा मॉस काढून पातळ थर तेवढा ठेवला, आणि त्यानंतर आलेली मुळे थेट सालीला चिकटली.

सोबतचे छापील पत्रक मात्र कुंडीतल्या फॅलेनॉप्सिस या दुसऱ्या ऑर्किडसाठी लिहिलेले असावे, कारण त्यात आठवड्यातून एकदा पाणी घालायला सांगितले आहे. या रोपाला पाणी साठवणारे आभासी कंद नसतात, त्यामुळे सालीवर त्याला रोज आणि कडक उन्हाळ्यात दोनदा फवारणी लागते. गाळलेला उजेड, खेळती हवा, साठ-सत्तर टक्के आर्द्रता आणि अगदी सौम्य खत एवढ्यावर ते भागवते. बियांपासून इतक्या लवकर फुलणारी ऑर्किडे थोडीच आहेत (प्रयोगशाळेतल्या बाटलीतही याला फुले येतात), पण त्याचे आयुष्यही मोजक्या वर्षांचे असते, आणि हे विक्रीपूर्वी सांगायला हवे होते. पहिले फूल गळाले तरी दांडा हिरवा असेपर्यंत कापू नये, कारण त्यावरच पुढची कळी येते. पत्रकात याचाही उल्लेख नाही.