अँथ्रोप्लस: शाळकरी वयाच्या वाढीच्या अभ्यासासाठी

जागतिक आरोग्य संघटनेची ही मोफत संगणकप्रणाली 5 ते 19 वयोगटाच्या अभ्यासात खरोखर उपयोगी पडते. जन्मतारीख, मोजणीची तारीख, लिंग, उंची आणि वजन भरलं की 2007 च्या संदर्भमानांनुसार झेड-स्कोअर (त्या वयाच्या मध्यमानापासून मूल किती प्रमाण विचलनं दूर आहे तो आकडा) लगेच मिळतो. वयानुसार वजन मात्र 10 वर्षांपर्यंतच; पौगंडावस्थेत उंची झपाट्याने वाढते, तेव्हा नुसतं वजन दिशाभूल करतं. पुढे बीएमआयच (उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक) पाहायचा: त्याचा झेड-स्कोअर +1 च्या वर अतिवजन, +2 च्या वर स्थूलता.

घोळ होतो तो माहिती आयात करताना. दिवस-महिना उलटा वाचला गेला, की 03/08 म्हणजे 3 ऑगस्टचा 8 मार्च होतो आणि वय जवळपास पाच महिन्यांनी चुकतं. म्हणून आधी दहा नोंदी हाताने ताडून पाहाव्यात. उंचीचा झेड-स्कोअर ±6 च्या बाहेर गेला तर नोंद थेट वगळू नका, मूळ कागद काढा. अनेकदा आकडा भरतानाच चूक झालेली असते.

मोठी उणीव एकच: यौवनाची अवस्था ही प्रणाली विचारातच घेत नाही. उशिरा वयात येणारी निरोगी मुलं त्यामुळे खुजी ठरू शकतात. यौवनाच्या अवस्थेची नोंद वेगळी ठेवावीच लागते.