हप्ता कोणत्या बुधवारी कापला जातो? फायनल एक्स्पेन्स एजंट म्हणून दहा महिन्यांनंतर

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका विमा कंपनीकडून ३३४ डॉलर ८० सेंट परत मागणारे पत्र आले आणि हा अनुभव लिहून काढायचे मी त्याच दिवशी ठरवले. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जीवनविम्याचा परवाना काढून मी फायनल एक्स्पेन्स, म्हणजे वृद्धांच्या अंत्यविधीच्या खर्चासाठीचा छोटा विमा, विकण्याचे काम सुरू केले, तेव्हा माझ्या अपलाइनने (ज्यांच्यामार्फत मला कंपन्यांचे करार मिळतात त्या वरच्या एजंटाने) एकदम सहा कंपन्यांचे करार पुढे ठेवले होते. त्यांतून निवड कशी करायची, याबद्दल मिळालेला सल्ला एवढाच होता की जिचे कमिशन जास्त, तिचा अर्ज आधी भरावा. आज त्या सहांपैकी तीनच कंपन्यांचे काम मी करते. कोणतीही नवी कंपनी समोर आली की माझा पहिला प्रश्न असतो, ग्राहकाच्या खात्यातून हप्ता नेमका कोणत्या दिवशी कापला जातो?

ज्या पॉलिसीमुळे हे पत्र आले, ती ७२ वर्षांच्या एका विधवा बाईंची होती. रक्कम १०,००० डॉलर आणि मासिक हप्ता ६२ डॉलर. माझा करार हप्त्याच्या नव्वद टक्के कमिशनचा आणि आगाऊ कमिशन नऊ महिन्यांचे असल्यामुळे ५०२ डॉलर २० सेंट लगेच माझ्या खात्यात आले होते. तीन हप्ते गेले, चौथा परत आला आणि पॉलिसी लॅप्स झाली, म्हणजे बंद पडली. तीन महिन्यांचे १६७ डॉलर ४० सेंट तेवढे माझे, उरलेले चार्जबॅक, म्हणजे कंपनीला परत. आमच्या घरी त्या रकमेत तीन आठवड्यांचा किराणा येतो, त्यामुळे हा आकडा मी विसरू शकत नाही.

चौथा हप्ता परत का गेला, हे समजून घेण्यासारखे आहे. सोशल सिक्युरिटीची, म्हणजे सरकारी पेन्शनची, रक्कम बहुतेकांना जन्मतारखेप्रमाणे मिळते. १ ते १० तारखेला जन्मलेल्यांना महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी, ११ ते २० ला जन्मलेल्यांना तिसऱ्या आणि त्यानंतर जन्मलेल्यांना चौथ्या बुधवारी. मे १९९७ च्या आधीपासून लाभ घेणाऱ्यांना ती ३ तारखेला मिळते आणि एसएसआयची (कमी उत्पन्नाच्या वृद्ध आणि अपंगांसाठीच्या सरकारी मदतीची) रक्कम १ तारखेला येते. बाईंची रक्कम दुसऱ्या बुधवारी येते, आणि तो ८ ते १४ यांपैकी कोणत्याही तारखेला पडू शकतो. या कंपनीच्या अर्जात मात्र फक्त ठरावीक तारीख लिहिण्याची सोय होती. "दहाच्या आसपास पैसे येतात," असे बाई म्हणाल्या, म्हणून मी १० लिहिले. पहिला हप्ता मंजुरीनंतर ऑगस्टमध्येच गेला. सप्टेंबरमध्ये दुसरा बुधवार १० तारखेला होता आणि ऑक्टोबरमध्ये ८ तारखेला, म्हणून ते दोन्ही हप्ते सुरळीत गेले. नोव्हेंबरमध्ये तो १२ तारखेला आला. कंपनीने १० तारखेला पैसे मागितले, खात्यात वीस डॉलरही नव्हते आणि बँकेने बाईंना वर दंड लावला. त्यानंतर कंपनीने पुढची कपात थांबवून टपालाने एक पत्र पाठवले. ते बाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर इतर कागदांखाली तसेच पडून राहिले आणि थकलेला हप्ता भरण्यासाठीच्या सवलतीचे ३१ दिवस संपले. मला कोणीही काही कळवले नाही.

ग्राहक सेवेला तीन वेळा फोन केल्यावर शेवटी उत्तर मिळाले की बुधवारप्रमाणे कपात करण्याची सोय त्यांच्या यंत्रणेत नाही. या व्यवसायातला जवळजवळ प्रत्येक ग्राहक ज्या एका रकमेवर जगतो, ती कधी येते हे ज्या कंपनीच्या यंत्रणेला कळत नाही, तिने वृद्धांना विमा विकण्याआधी ती यंत्रणा दुरुस्त करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मध्यंतरी मला वाटले होते की सरसकट १५ तारीख लिहिली की प्रश्न सुटेल, कारण दुसरा बुधवार तोवर होऊनच जातो. इतर दोन ग्राहकांच्या बाबतीत ते करून पाहिल्यावर मी मत बदलले. बुधवारी पैसे आल्यावर घरभाडे, औषधे आणि वीज यांत ते दोन-तीन दिवसांत संपतात. हप्ता रक्कम जमा होते त्याच दिवशी कापला गेला तरच तो टिकतो. बँकेत खातेच नसलेल्यांची रक्कम सरकारी डायरेक्ट एक्सप्रेस कार्डावर जमा होते आणि त्या कार्डावरून हप्ता सगळ्याच कंपन्या घेत नाहीत, हेही करार करण्याआधी विचारून घ्यावे.

आणखी एका बाबतीत माझे मत पूर्ण उलटे झाले. अर्ज भरतानाच ग्राहकाला फोनवर मुलाखत द्यायला लावणारी एक कंपनी मला सुरुवातीला अजिबात आवडत नसे. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला अर्धा तास तेच तेच प्रश्न विचारले जातात आणि आपण समोर बसून राहतो. परंतु त्या घरातून निघताना निकाल हातात असतो. याउलट केवळ ऑनलाइन अर्ज घेणाऱ्या एका कंपनीने नऊ दिवसांनी कळवले की ग्राहकाच्या औषधांच्या नोंदीत गॅबापेंटिन आढळल्यामुळे लेव्हल पॉलिसी (पहिल्या दिवसापासून पूर्ण रक्कम देणारी) मिळणार नाही, ग्रेडेड घ्यावी लागेल. मधुमेहाच्या रुग्णाच्या नोंदीत हे औषध दिसले की बऱ्याच कंपन्या मज्जातंतूंचा विकार गृहीत धरतात, हे मला तेव्हा शिकावे लागले. विमा कंपन्या पाहतात त्या इंटेलिस्क्रिप्टसारख्या औषधांच्या नोंदींत जे दिसायचे ते दिसतेच, म्हणून आता मी औषधांच्या बाटल्या टेबलावर मांडून घेते, प्रत्येक नाव लिहिते आणि मगच कंपनी ठरवते. ग्रेडेड म्हणजे पहिल्या दोन वर्षांत नैसर्गिक मृत्यू झाल्यास बहुधा आधी तीस आणि मग सत्तर टक्केच रक्कम. हे अर्जावर सही होण्याआधीच सांगितले पाहिजे, नऊ दिवसांनी फोनवर नव्हे.

कमी हप्त्याबद्दल लिहावे असे फारसे नाही. दोन कंपन्यांमधला चार-पाच डॉलरचा फरक ग्राहकाला कळतो आणि तो सांगणे आपले कर्तव्य आहे. विमा कंपन्यांची आर्थिक ताकद मोजणाऱ्या ए. एम. बेस्टचे मानांकन एकदा पाहून घ्यावे. दुसऱ्या अपलाइनकडे जाण्यासाठी रिलीज, म्हणजे आधीच्या करारातून मोकळीक, मिळेल का, हे मात्र लेखी घ्यावे.

हे इतके तपशीलाने लिहिण्यामागे माझे ३३४ डॉलर आहेत, हे खरे. त्याहून अधिक बोचते ते बाईंचे नुकसान. सोशल सिक्युरिटी मृत्यूनंतर एकरकमी फक्त २५५ डॉलर देते, तेही पात्र जोडीदाराला किंवा मुलाला. अमेरिकेतील फ्युनरल डायरेक्टर्सच्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ साली अंत्यदर्शन आणि दफनासह अंत्यविधीचा मध्यक (मीडियन) खर्च ८,३०० डॉलर सांगितला होता. तो भार मुलीवर पडू नये एवढ्याचसाठी बाई आपल्या पेन्शनमधून ६२ डॉलर बाजूला काढत होत्या. पॉलिसी लॅप्स झाली त्या दिवसापासून त्यांच्यामागे काहीच उरले नव्हते आणि त्यांना ते ठाऊकही नव्हते.

जुनी पॉलिसी सुरू करायची तर थकलेले हप्ते एकदम भरावे लागले असते आणि ते त्यांना शक्य नव्हते. म्हणून जानेवारीच्या अखेरीस मी दुसऱ्या कंपनीचा अर्ज भरला, फोनवरच्या मुलाखतीसकट. वय एका वर्षाने वाढल्यामुळे हप्ता ६६ डॉलर झाला, आणि अर्जातली माहिती तपासून दावा नाकारण्याची मुभा कंपनीला असते ती दोन वर्षेही पुन्हा पहिल्यापासून मोजली जाणार आहेत. ही दोन्ही नुकसाने मी त्यांना आणि त्यांच्या मुलीला समोर बसवून समजावून सांगितली. आगाऊ कमिशन या वेळी मी घेतले नाही. जसजसा हप्ता येईल तसतसे ते मिळेल. अर्जात तारखेच्या जागी "दुसरा बुधवार" अशी खूण करता आली. ११ फेब्रुवारीला पहिला हप्ता गेला आणि त्याच दुपारी मी बाईंना फोन करून खात्री करून घेतली. मार्चमध्येही दुसरा बुधवार ११ तारखेलाच आहे, एप्रिलमध्ये तो ८ ला येतो. दोन्ही दिवशी मी फोन करणार आहे.