नवी .२२ मॅच रायफल: उन्हाळा, पावसाळा आणि बॅरलची निगा

माझी नवी ॲनशुट्झ १९१३ (कंपनी आणि मॉडेलचं नाव), .२२ इंच व्यासाच्या गोळीची स्पर्धेची रायफल, ऐन उन्हाळ्यात हातात आली, आणि आता दिवाळी तोंडावर आहे. या काळात सराव पुण्यातच झाला, प्रोन (पालथं झोपून) आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून) दोन्हींचा. कुंदा, ट्रिगर, डायॉप्टर (मागची नेम धरायची साइट) यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी फक्त बॅरलबद्दल, म्हणजे नळीबद्दल, लिहिते आहे, कारण एअर रायफलवरून ५० मीटरकडे येणारी मुलं पहिला प्रश्न तोच विचारतात: ताई, नवं बॅरल रुळवायचं कसं? स्वप्नील कुसाळेनं ऑगस्ट २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये पॅरिस ऑलिम्पिकचं कांस्य आणल्यापासून तर हा प्रश्न आमच्या रेंजवर जास्तच कानावर येतो.

इतक्या महिन्यांच्या वापरानंतर माझं मत पक्कं झालं आहे. .२२ च्या मॅच बॅरलला रुळवण्याचा वेगळा विधी लागत नाही. त्याला लागते ती एकसारखी अवस्था. प्रत्येक मोजायच्या गोळीच्या वेळी नळी आतून जवळपास तशीच असली पाहिजे, जशी ती आधीच्या गोळीच्या वेळी होती. बाकीची सगळी निगा या एका गोष्टीसाठी.

‘एक गोळी मारा, साफ करा, पुन्हा एक मारा, पुन्हा साफ करा’ ही पद्धत सेंटरफायर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या मधोमध पिन आदळणाऱ्या, मोठ्या ताकदीच्या रायफलींकडून आली आहे आणि तिथे तिला काही आधार आहे. तिथली गोळी तांब्याच्या वेष्टणाची, वेग सेकंदाला आठशे मीटरच्या घरात, आणि .३०८ सारख्या काडतुसाचा कमाल दाब ६२,००० पीएसआय. चांगलं बॅरल आतून लांबीच्या दिशेनं घासून गुळगुळीत केलेलं असतं, पण चेंबर (काडतूस बसतं ती जागा) कापणारं रीमर गोल फिरतं. त्यामुळे चेंबरच्या पुढच्या भागात, म्हणजे थ्रोटमध्ये, आडवे बारीक ओरखडे राहतात. गोळी त्यांवरून जाताना तांबं खरवडलं जातं आणि पुढे नळीत चिकटतं. पहिल्या काही गोळ्यांनंतर ते तांबं काढत राहिलं की थ्रोट गुळगुळीत होईपर्यंत थर साचत नाही, हा त्यामागचा विचार. तिथेही सगळ्यांचं एकमत नाही. नावाजलेले बॅरल बनवणारेसुद्धा यावर वाद घालत आले आहेत.

आपल्या .२२ ची गोष्टच निराळी. गोळी शिशाची, ४० ग्रेनची म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची, वरून मेणासारख्या वंगणानं माखलेली. मॅच काडतुसाचा वेग साधारण ३२० ते ३३० मीटर, आवाजाच्या वेगाच्या आत मुद्दाम ठेवलेला. कमाल दाब २४,००० पीएसआय. तांबं नाहीच, तर काढणार काय? वर आपल्याकडे मॅच काडतुसं बाहेरून येतात, परवान्यावरचा कोटा ठरलेला असतो आणि पुढची खेप कधी येईल हे कुणाच्या हातात नसतं. त्यातली डबीभर काडतुसं गोळीगणिक सफाईच्या विधीत घालवायची, हे मला पटत नाही.

मग नव्या बॅरलचं केलं काय? पहिल्या गोळीआधी फॅक्टरीतलं गंज रोखणारं तेल पूर्ण काढलं. हे मात्र न चुकता करा. तेल तसंच राहिलं तर पहिल्या गोळ्या भलतीकडे जातात, आणि माणूस साइट फिरवत बसतो. हलक्या सॉल्व्हंटचे पॅच (रॉडनं नळीतून ढकलायचे कापडाचे तुकडे), मग कोरडे पॅच, शेवटचा पांढरा निघेपर्यंत. त्यानंतर एकाच कंपनीच्या एकाच लॉटची, म्हणजे एकाच उत्पादन-खेपेची, काडतुसं घेऊन सरळ सराव सुरू केला आणि नेहमीसारखी सफाई ठेवली.

सुरुवातीच्या पॅचवर शिशाचे चंदेरी कण दिसायचे. पहिली ब्रिक, म्हणजे ५०० काडतुसं, संपत आली तेव्हा ते कमी झाले, आणि आता चुकून एखादा दिसतो. थ्रोट आपोआप गुळगुळीत होत गेलं, ते होण्यासाठी मी वेगळं काही केलं नाही. रुळणं म्हणायचं तर .२२ मध्ये हेच, आणि ते सराव करताकरता होतं.

खरा फरक पडतो तो वंगणाच्या थरानं. साफ केलेल्या कोरड्या नळीतून पहिल्या गोळ्या जातात तेव्हा त्यांचं मेण नळीभर पसरायला वेळ लागतो. माझ्या बॅरलला दहा-पंधरा गोळ्या लागतात. तोवर ग्रुप (टार्गेटवर पडलेल्या गोळ्यांचा पुंजका) किंचित पसरट आणि थोडा वर राहतो, नंतर जागेवर बसतो. तुमच्या बॅरलचा आकडा वेगळा असेल, तो स्वतः काढून डायरीत लिहा. काडतुसाची कंपनी बदलली की हेच पुन्हा होतं. एलीचं वंगण वेगळं, लापुआचं वेगळं, आरडब्ल्यूएसचं वेगळं. एकाच्या थरावर दुसऱ्याची गोळी मारली की काही काळ नळी दोन्हींच्या मध्ये अडकते. सरावाला एक आणि मॅचला दुसरी कंपनी असं ज्यांचं चालतं, त्यांनी मॅचच्या काडतुसांवर किमान आदल्या दिवसाचा सराव करावा.

इथे एक हिशेब सांगते. ५० मीटरच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं असतं आणि गोळी ५.६ मिमीची. वर्तुळाच्या कडेला गोळी टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत हवा. १०.९ साठी तोच मध्य ०.८ मिमीच्या आत लागतो. थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत पूर्णांकच मोजतात, पण फायनल दशांशात असते. कुसाळेचं पदक ४५१.४ वर आलं. प्रोनमध्ये तर सगळे साठही शॉट दशांशात मोजतात. त्यामुळे ग्रुप एक-दोन मिलिमीटरनं आकसला तर शेवटच्या बेरजेत तो दिसतो, आणि तो आकसवण्याचं मोठं साधन म्हणजे लॉट.

एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या काडतुसांचे दोन लॉट एका बॅरलमधून अगदी वेगळे ग्रुप देतात. माझ्याच रेंजवरच्या मैत्रिणीच्या रायफलमध्ये जो लॉट सुरेख बसतो, तो माझ्यात पसरतो. आमची मॉडेलं सारखीच आहेत. रायफल पक्की धरून ठेवणाऱ्या चिमट्यात बसवून, प्रत्येक लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे निदान चार ग्रुप घ्या. एका सुंदर ग्रुपवर भाळू नका, चारही एकमेकांवर ठेवून एकत्र पसारा बघा. चाचणी करायची ती नळी मेणानं सावरल्यावरच. जमलेला लॉट सापडला की परवडेल आणि परवान्यात बसेल तेवढा एकदम घ्या. नव्या बॅरलवर पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करा, बॅरल रुळवण्याच्या महागड्या ब्रेक-इन किटवर नकोत.

आता सफाई. इथे मी हट्टी आहे, कारण मॅच बॅरल गोळ्यांनी झिजतं त्याहून जास्त वेळा चुकीच्या सफाईनं खराब झालेलं मी पाहिलं आहे. रॉड अखंड हवा, वर कोटिंग असलेला किंवा कार्बन फायबरचा. तुकडे जोडून होणारा रॉड नको, जोडावर तो वाकतो आणि कडेला घासतो. बोल्ट काढून त्या जागी बोअर गाइड बसवायचा, म्हणजे रॉड मधोमध राहतो आणि सॉल्व्हंट ट्रिगरमध्ये ओघळत नाही. दिशा नेहमी चेंबरकडून तोंडाकडे. पॅच तोंडातून बाहेर आला की तिथेच काढून घ्यायचा, मळका पॅच परत आत ओढायचा नाही. गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते ती जागा म्हणजे क्राउन. तिथे एका बाजूला सूक्ष्म ओरखडा पडला तरी मागचा वायू वाकडा सुटतो आणि गोळीला धक्का देतो. आमच्या रेंजवरचे जुने आर्मोरर (शस्त्रं दुरुस्त करणारे) काका प्रत्येक नव्या मुलाला बजावतात, “ब्रश आत असताना मधेच उलटा फिरवायचा नाही, पूर्ण बाहेर काढायचा.” त्यांचं हे वाक्य मी पाळते.

मॅच रायफलच्या तोंडावर पुष्कळांनी एक्स्टेन्शन ट्यूब (बॅरलच्या पुढे जोडायची पोकळ नळी) लावलेली असते, माझ्याही आहे. ट्यूबमुळे क्राउन डोळ्यांआड जातो आणि आत कार्बन आणि शिशाची राख साचत राहते. सफाईआधी ट्यूब काढा. ट्यूब न काढता ओला पॅच ढकलला की ती घाण क्राउनवरच लिंपली जाते. परत बसवताना मात्र त्याच खुणेवर आणि सारख्याच ताणानं. बॅरलच्या टोकाचं वजन जरा सरकलं तरी झीरो, म्हणजे साइटवर जुळवलेला नेम, हलतो. ॲक्शन (बोल्ट बसतो तो भाग) कुंद्याला धरणाऱ्या स्क्रूंचंही तसंच, टॉर्क रेंचनं मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा, अंदाजानं नको.

सरावानंतर रोज मी दोन-तीन पॅचच फिरवते. ब्रश फक्त ब्रिक-दोन ब्रिकनंतर, तोही ब्राँझचा, मोजक्या फेऱ्या. मुख्य लक्ष चेंबरच्या टोकाला, जिथे काडतुसाचं तोंड संपतं तिथे. .२२ मध्ये गोळी आणि केस एकाच जाडीचे असतात, आणि मॅच चेंबरमध्ये काडतूस भरतानाच गोळी नळीच्या आतल्या पिळदार खाचांत थोडी रुतते. तिथे कार्बन, शिसं आणि प्रायमरमधली काचेची भुकटी मिळून एक कडक कडं तयार होतं. बोल्ट बंद करताना जरासा अडखळ जाणवू लागला, किंवा कारण नसताना एखादी गोळी भरकटू लागली, की मी आधी तिथे बघते. कार्बनचं सॉल्व्हंट लावून पंधराएक मिनिटं मुरू द्यायचं, मग ब्रश. घासणारी पेस्ट मी घरी वापरत नाही, ते काम आर्मोररकडेच राहू दे. अमोनियावाली तांबं काढणारी द्रव्यंही .२२ ला निरर्थक आहेत. मोबाइलला जोडायचा स्वस्त बोअरस्कोप (नळीच्या आत बघायचा बारीक कॅमेरा) मात्र घ्याच. तो घेतल्यापासून माझी सफाई कमी झाली आहे, कारण कुठे आणि किती घाण आहे ते दिसतं.

मॅचच्या आदल्या रात्री खोल सफाई करत नाही. मॅचला नळी मेणानं सावरलेली हवी.

पावसाळ्यानं मात्र बॅरलची खरी परीक्षा घेतली. माझं बॅरल स्टेनलेसचं आहे, पण स्टेनलेस म्हणजे गंजत नाही असं नाही, उशिरानं गंजतं एवढंच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सरावानंतर तेलाचा पातळ हात दिल्याशिवाय रायफल कधी ठेवली नाही, आणि रेंजवर पहिल्या गोळीआधी कोरडा पॅच फिरवून ते तेल काढलं. फोमच्या बंद पेटीत ओलसर रायफल ठेवणं सगळ्यात वाईट. फोम दमटपणा धरून ठेवतो आणि धातूला चिकटून बसतो. मी घरी आल्यावर पेटी उघडी टाकते, रायफल पुसून परवान्याच्या नियमांप्रमाणे कुलपात ठेवते, आणि त्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या असतात, त्या अधूनमधून बदलते. एसी गाडीतून थेट दमट रेंजवर रायफल बाहेर काढली की बॅरलवर दव धरतं. पेटी बंद ठेवूनच पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग उघडा. बाहेरून घामाचे हात लागतात तिथे तेलाचं फडकं फिरवा. मुंबई, कोकण, गोवा इथल्या खाऱ्या हवेत ही काळजी बाराही महिने घ्यावी लागते. बोअरस्कोपमध्ये माझ्या नळीत आजवर गंजाचा ठिपका दिसलेला नाही.

ड्राय फायरिंगबद्दल, म्हणजे काडतूस न भरता ट्रिगर दाबण्याबद्दल, थोडक्यात. रिमफायरची, म्हणजे .२२ सारख्या काडतुसाच्या कडेवर आदळणारी, पिन रिकाम्या चेंबरच्या कडेवर आदळून तिथे खळगा पाडू शकते. घरच्या सरावासाठी रायफलची ड्राय फायर सोय वापरा. आणि सफाईनंतर हात साबणानं धुवा, पॅच वेगळ्या पिशवीत बांधून टाका. त्यावर शिसं असतं. घरात लहान मूल असेल तर हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर करू नका.

बॅरल किती टिकेल, ही चिंता नव्या माणसानं करू नये. .२२ चं चांगलं बॅरल नीट जपलं तर हजारो नव्हे, कित्येक दहा हजार गोळ्या चालतं. झीज सुरू होते ती बहुधा चेंबरच्या लगेच पुढे, नळीच्या तळाशी, घड्याळात सहा वाजतात त्या जागी, कारण प्रायमरमधली काचेची भुकटी आणि राख तिथेच साचते आणि पुढची गोळी तिच्यावरून घासत जाते. म्हणून जुनी मॅच रायफल विकत घेताना बाहेरचा रंग आणि कुंदा बघण्याआधी बोअरस्कोप त्या जागी न्या. तिथला पृष्ठभाग खरखरीत, भाजलेल्या चामड्यासारखा दिसला तर किमतीची बोलणी तिथूनच सुरू करा, आणि विकणाऱ्याकडे त्यानं वापरलेल्या लॉटचे जुने ग्रुप मागा.