घामासाठी म्हणून विकले आणि घामाचंच कारण सांगून हात वर केले

माझ्या कानाच्या नळ्या अरुंद आहेत. बाजारातल्या कुठल्याही इअरफोनला सगळ्यात लहान रबर लावलं तरी पळायला लागल्यावर दहाव्या मिनिटाला घामाने एक बाजू निसटतेच. आठवड्यातले तीन दिवस मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या जिमला जाते आणि दोन दिवस पहाटे शिवाजी विद्यापीठाच्या आवारात पळते. कानात गाणं असलं की शेवटचे दोन किलोमीटर निघतात, नसलं की पाय जड होतात. त्यामुळे कानाचं माप घेऊन बनवलेले कस्टम इन-इअर मॉनिटर, म्हणजे स्टेजवर गायक-वादक घालतात तसले, आपल्या गावातच करून मिळतात असं कळल्यावर मी लगेच चौकशीला गेले. त्यात माझे 17,000 रुपये अडकले. 9,000 परत आले, 8,000 अजून यायचेत. तक्रार चालू असल्यामुळे दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. पण झालं ते सगळं सांगते, कारण जिममधल्या अजून दोघीजणी तिथे माप द्यायला निघाल्या होत्या.

मार्चमध्ये, रंगपंचमी झाल्यावर गेले. दुकानातला मुलगा बोलायला गोड. मी पहिलाच प्रश्न घामाचा विचारला. तो म्हणाला, "घामाचं काय घेऊन बसलाय मॅडम, रंकाळ्यात बुडवून काढा, कायसुद्धा होत नाही. आयपीएक्स 7 आहे." एक्स म्हणजे काय, विचारलं. "एक्स म्हणजे एक्स्ट्रा. एक्स्ट्रा प्रोटेक्शन." प्रत्येक कानात तीन-तीन ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे बारके स्पीकर, आहेत, असंही त्याने सांगितलं. घरी आल्यावर मी व्हॉट्सॲपवर पुन्हा विचारलं की रोज व्यायामाला वापरले तर चालतील ना. त्यावर त्याचा व्हॉइस मेसेज आला: "बिनधास्त वापरा मॅडम, घामाची गॅरंटी माझी." हा मेसेज मी पुसला नाही, ते फार बरं झालं.

एक्सचा अर्थ एक्स्ट्रा नाही, हे मला नंतर कळलं. आयपी हे धूळ-पाण्यापासून बचावाचं मानांकन आहे. त्याच्या पुढे दोन जागा असतात, पहिली धुळीची आणि दुसरी पाण्याची. धुळीची चाचणी नोंदवलेली नसेल तर त्या जागी एक्स लिहितात, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या जागेवरचा 7 म्हणजे वस्तू 1 मीटर खोल पाण्यात 30 मिनिटं ठेवून तपासली आहे. ते पाणी साधं, स्वच्छ असतं. घामात मीठ असतं, आणि वस्तू पाण्यात टिकली म्हणून मिठातही टिकेल असं हा आकडा कुठेच म्हणत नाही. शिवाय ही चाचणी कारखान्यात एकसारख्या बनणाऱ्या मालाची होते. माझ्या एकटीच्या कानाच्या मापाने हाताने बनवलेल्या जोडाची ती कुणी, कधी आणि कुठे केली, हे मी विचारायला हवं होतं. कस्टम पीसला कानाकडच्या टोकाला आवाजाची उघडी भोकं असतात, वायर लावायला वरच्या बाजूला सॉकेट असतं. पाणी शिरायला एवढी वाट पुरते. चांगले बनवणारेही आपले पीस कोरडे ठेवायलाच सांगतात.

माप घेताना काय झालं ते जरा सविस्तर लिहिते, कारण माहीत असतं तर मी तिथूनच उठून आले असते.

त्याने कानात बॅटरी मारून पाहिलंच नाही. कापसाचा छोटा बोळा आत सरकवला, त्याला दोरा नव्हता. मग दोन रंगांची सिलिकॉनची लगदी हाताने मळून पिचकारीने कानात भरली आणि म्हणाला, "तोंड मिटून गप्प बसा." पाच मिनिटांनी काढून घेतलं आणि माप झालं. पुढे मी ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, गेले तेव्हा फरक समजला. त्यांनी आधी ऑटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या दिव्याच्या यंत्राने, दोन्ही कान पाहिले. मळ असेल किंवा पडद्याला काही झालेलं असेल तर माप घ्यायचंच नसतं. बोळ्याला दोरा हवा, म्हणजे तो आत राहत नाही. तो नळीच्या दुसऱ्या वळणाच्या पलीकडे बसवायचा, म्हणजे मापात दोन्ही वळणं येतात. आणि अशा पीससाठी माप घेताना दातांत ठोकळा देऊन तोंड उघडं ठेवायला सांगतात, कारण जबडा हलला की नळीचा आकार बदलतो. पळताना आपण तोंडाने श्वास घेतो. मिटल्या तोंडाच्या मापाचा पीस तेव्हा सैल पडतो, आणि त्या फटीतून घाम आत उतरतो.

एप्रिलमध्ये पीस आले. काळे कुळकुळीत, चकचकीत, दिसायला छानच. मी पारदर्शक मागितले होते. "काळाच जास्त चालतोय मॅडम." काळ्या रंगात वाईट काही नाही, चांगले कारागीरही काळे बनवतात. पण पारदर्शक कवचात आतले ड्रायव्हर मोजता येतात, काळ्यात येत नाहीत. आगाऊ 9,000 मी यूपीआयने दिले होते. उरलेले 8,000 त्याने रोख मागितले आणि मी दिले. बिल मागितल्यावर म्हणाला, "पक्कं बिल केलं तर 18 टक्के वाढतील, तुमचंच नुकसान." मला त्याने एक कच्ची पावती दिली. तिच्यावर ना जीएसटी नंबर, ना ड्रायव्हरचा उल्लेख, नुसतं "कस्टम इअरफोन 1 जोड". सोबत वॉरंटीचं कार्ड होतं. ते मी घरी नेऊन खणात ठेवलं, वाचलं नाही.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. कानातून काही निसटत नव्हतं, त्या आनंदात बाकी कशाकडे लक्ष गेलं नाही. तिसऱ्या आठवड्यात ट्रेडमिलवर असताना डाव्या बाजूचा आवाज एकदम बसला. संध्याकाळपर्यंत परत आला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. असं का होतं ते आता सांगू शकते. आवाजाची नळी इतकी बारीक असते की घामाचा एक थेंबही आत अडकून भोक बंद करतो. पाणी वाळलं की आवाज येतो, पण मीठ आतच राहतं आणि दर वेळी त्यात भर पडते. दुसरी वाट वायरची. ती कानावरून मागे जाते आणि डोक्यातला घाम तिच्यावरून ओघळत सॉकेटच्या पिनांपाशी येऊन थांबतो. माझ्या वायरच्या त्या टोकाला प्लॅस्टिकच्या आतून हिरवट रंग चढला होता, तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस सुरू झाला तेव्हा, डावी बाजू कायमची बंद पडली.

दुकानात गेले. त्याने पीस उजेडात धरला, वायर काढली, हिरवट पिना मला दाखवल्या आणि म्हणाला, "वॉटर डॅमेज आहे मॅडम. वॉरंटीत बसत नाही." मी व्हॉइस मेसेज ऐकवला. तो हसला आणि म्हणाला, "तसं नाही मॅडम, सगळ्यांना चालतंय. तुमचा घाम जरा जास्तच खारट असणार."

दुकानात तेव्हा आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. मला त्या क्षणी जे वाटलं ते पैशांपलीकडचं होतं. बाई माणूस जिमला जाते, पळते, घाम गाळते, यात लाज वाटावी असं काही नाही. हे कोल्हापूर आहे. इथे गंगावेस, शाहूपुरी, मोतीबागच्या तालमींत पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला गेला आणि त्याला मान मिळाला. आणि हा मुलगा चारचौघांत माझ्याच शरीरात खोट काढत होता, तीही अशासाठी की त्याने खोटं बोलून माल विकला होता. घरी येऊन खणातलं कार्ड काढलं. बारीक अक्षरात पाचवी ओळ होती: पाणी, घाम अथवा ओलाव्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत येणार नाही. म्हणजे तोंडाने घामाची हमी आणि कागदावर घाम वगळलेला. फसवणूक पीस बंद पडला तेव्हाची नाही. हे कार्ड छापलं तेव्हाच ती ठरलेली होती.

माझा मावसभाऊ स्टेजचं साऊंड करतो. लग्नसराई संपून तो घरी आल्यावर मी पीस त्याच्यासमोर ठेवले. कानाच्या टोकाला प्रत्येकी दोन भोकं होती. त्याने अगदी बारीक, मऊ तार पहिल्या भोकात घातली, ती बरीच आत गेली. दुसऱ्या भोकात तीन मिलिमीटरवर अडली. उजव्या पीसलाही तेच. "ताई, हे भोक आंधळं आहे," तो म्हणाला. "नुसतं दिसायला पाडलंय." मग मोबाइलवर चित्रीकरण चालू ठेवून त्याने बंद पडलेला डावा पीस कापला. आत तीन ड्रायव्हर नव्हते. साध्या इअरफोनमध्ये असतो तसला एक गोल ड्रायव्हर, ग्लू गनच्या गोंदात बसवलेला. गोंदाच्या कडेला पांढरी मिठाची रेघ. माझ्या मापाचं होतं ते फक्त वरचं कवच. उजवा पीस आम्ही मुद्दाम कापला नाही, पुरावा म्हणून तसाच ठेवलाय.

त्याच काळात डाव्या कानाला खाज सुटली होती. कानाच्या डॉक्टरांनी बुरशी सांगितली, दहा दिवस थेंब घातले. बंद कानात घाम कोंडून राहिला की हे होऊ शकतं, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत जास्तच. व्यायाम झाल्यावर पीस लगेच काढून कान कोरडा होऊ द्या, एवढं तरी कराच, मग पीस कितीही चांगला असो.

तक्रारीचं सांगते, कारण इथेच बरेच जण सोडून देतात. मी आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. मग दुकानाला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. सोबत यूपीआयचा पुरावा, व्हॉइस मेसेज शब्दशः लिहून काढलेला, कार्डाची प्रत आणि कापलेल्या पीसचे फोटो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरलेली आहे, आणि योग्य चाचणीचा आधार नसताना मालाच्या टिकाऊपणाची हमी देणंही. या दोन्ही गोष्टी मी पत्रात लिहिल्या. आठ दिवसांत फोन आला, आवाज एकदम मऊ. 9,000 यूपीआयने परत केले. 8,000 रोख मिळाल्याचं मात्र तो नाकारतो. "माझी काही तक्रार राहिलेली नाही" अशा मजकुरावर सही मागत होता, ती मी दिली नाही. जिल्हा ग्राहक आयोगात द्यायचे कागद तयार आहेत. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लावायलाच हवा असंही नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत असते. मापाची वस्तू दुसऱ्या कुणाच्या कानात बसत नाही, म्हणून "कस्टम माल परत घेत नाही" हे दुकानदार हमखास सांगतात. आवडला नाही म्हणून परत करण्यापुरतं ते ठीक आहे. सांगितलेला माल दिलाच नसेल तर ही सबब चालत नाही.

ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी माप ऑडिओलॉजिस्टकडे द्यावं, कवच पारदर्शक मागावं, ड्रायव्हर किती आणि कुठल्या कंपनीचे ते पक्क्या बिलावर लिहून घ्यावं, आणि आगाऊ रक्कम देण्याआधी वॉरंटीचा कागद मागून घामाची ओळ शोधावी. रोख एक रुपया देऊ नये. वापरल्यावर कोरड्या मऊ फडक्याने पुसून सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवावेत, निळे दाणे गुलाबी झाले की बदलावेत. हेअर ड्रायर लावू नये, उष्णतेने आतलं चिकटवलेलं सुटतं. आणि रस्त्यावर पळताना असले पीस घालूच नयेत, मागून आलेल्या केएमटी बसचा हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही. मी आता कान उघडा ठेवणारे, गालाच्या हाडावरून आवाज देणारे हेडफोन वापरते. गाण्यातला बास कमी लागतो, पण पळणं थांबलेलं नाही.

गेल्या वर्षभरात आपल्या भागातून काळे, दोन भोकांचे कस्टम पीस कुणी घेतले असतील तर मोबाइलची बॅटरी लावून दोन्ही भोकं नीट बघा. एखादं आंधळं दिसलं तर पीस उघडू नका, दुकानातही परत देऊ नका. आधी चित्रीकरण करा, जुने मेसेज जपून ठेवा, आणि मग 1915 ला फोन लावा.